तीन शनिवारांची फितुरी

१

लॉटनच्या दुकानात स्टुलं नव्हती.

खाण्याचं काउंटर जागेवर होतं, त्यामागचा लांबलचक आरसा होता, काचेच्या झाकणांखाली केकचे तुकडे मांडलेले होते. पण काउंटरपुढे जिथे लाल गाद्यांची बारा स्टुलं असायची, तिथे जमिनीतून वर आलेले बारा लोखंडी खुंट तेवढे उभे होते. मी सगळ्यात पुढे होते. माझ्या मागे कॉलेजातले दहा जण, रविवारी चर्चला जातानाचे कपडे घालून, खिशात एकेक टूथब्रश ठेवून. तुरुंगात टूथब्रश देत नाहीत, असं आम्ही ऐकलं होतं. गेले तीन आठवडे आम्ही चर्चच्या तळघरात सराव करत होतो. शिवी दिली तर उत्तर द्यायचं नाही, केस ओढले तर हात वर करायचा नाही, स्टूल सोडायचं नाही. स्टूलच नसेल तर काय करायचं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

"या, या!" पोलिसांचा कॅप्टन स्ट्रूड खुंटांच्या पलीकडे पाय फाकून उभा होता, दातांत काडी. "तुमचीच वाट बघत होतो. कॉफी पाजली असती हो, पण बसवू कुठे?"

दुकानातल्या पोरी खिदळल्या. काउंटरवर पाटी होती, 'दुरुस्तीसाठी बंद'. लाल अक्षरं, त्यांना काळी सावली, रंगाऱ्याने निवांत काढलेली. मी बोट लावून पाहिलं. रंग खडखडीत वाळलेला होता.

सन साठचा मार्च. दक्षिण कॅरोलिनातलं आमचं कोल्टरविल. या शहरात आम्हा काळ्या लोकांना लॉटनकडे टोपी विकत घेता येई, मोजे घेता येत, पण दहा पावलांवरच्या काउंटरवर बसून कपभर कॉफी पिता येत नसे. गावात अशी सहा काउंटरं होती. पहिल्या शनिवारी आम्ही डब्जकडे गेलो, दुसऱ्या शनिवारी पामरकडे, आज लॉटनकडे. तिन्ही वेळा स्टुलं गायब, पाटी तयार, आणि कॅप्टन स्ट्रूड आमच्या आधी हजर. अटकसुद्धा नाही! नुसतं हसं करून परत पाठवायचे.

बाहेर आलो तर रेव्हरंड डँझलर हातातली चिठ्ठी बघत उभे होते. आमचे फलक पोचवायला त्यांनी आपली जुनी पॅकार्ड मोटार जेमतेम दोन मिनिटं दुकानासमोर थांबवली, तेवढ्यात पोलिसाने काचेवर दंडाची चिठ्ठी चिकटवली होती. त्यांच्या पुढेच मिस्टर फ्रायर्सन यांची रुग्णवाहिका नेहमीप्रमाणे सकाळी नऊपासून उभी होती, चालक तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होता. गोऱ्यांची रुग्णवाहिका आमच्यासाठी येत नसे. आमच्या वस्तीत जखमीला नेणारी गाडी आणि मेलेल्याला नेणारी गाडी एकाच माणसाची होती.

अर्ध्या तासाने आम्ही सगळे मिस ओझेलांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमलो. मिस ओझेला पिंकनी आमच्या वस्तीतल्या बायकांचे केस करत. त्यांच्या गिऱ्हाइकांत एकही गोरी बाई नव्हती, त्यामुळे त्यांना नोकरीवरून काढणारा माणूस अजून जन्माला आला नव्हता. म्हणून चळवळीची समिती त्यांच्याकडे बसायची, दर शुक्रवारी दुपारी बाराला. पुढच्या दिवशी कुठल्या दुकानात जायचं ते तिथे ठरे, आणि बाकीच्या पोरांना ते शनिवारी सकाळी निघतानाच कळे. समितीत सहा जण होते. रेव्हरंड, मिस ओझेला, अंत्यविधीचा व्यवसाय करणारे ॲम्ब्रोज फ्रायर्सन, आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक प्रोफेसर गॅड्सडेन, विद्यार्थ्यांतर्फे थॅडियस मोझली आणि मी, आर्डेल व्हिटेकर.

मिस्टर फ्रायर्सन यांनी राखाडी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "घरात फितूर आहे," ते म्हणाले. "आणि मी नाव घेणार आहे. मोझली, आज सकाळी नऊ वाजता तू बसस्टँडवरच्या फोनवरून कुणाशी बोलत होतास?"

थॅड ताडकन उठला. तो दोन वर्षं सैन्यात काढून कॉलेजात आला होता. "तुम्हाला काय करायचंय?"

"बघा! उत्तर आहे का?"

"मेलेल्या माणसांत राहून राहून तुम्हाला जिवंत माणसं बघवत नाहीत, मिस्टर फ्रायर्सन."

"बस!" रेव्हरंडांनी टेबलावर हात आपटला. "फितूर सापडेपर्यंत मी माझ्या चर्चमधून एकही पोर बाहेर सोडणार नाही. चळवळ थांबली."

मला रडूच आलं. मग मिस ओझेला शांतपणे म्हणाल्या, "रेव्हरंड, मला गुरुवारपर्यंत वेळ द्या. फितूर मी शोधते."

"आणि नाही सापडला तर?"

"तर शुक्रवारी थॅडला काढा, चळवळ बंद करा, काय हवं ते करा. पण सापडेल." त्या माझ्याकडे वळल्या. "आर्डेल, तू माझ्याबरोबर राहायचंस. तुझ्यावर माझा संशय नाही, असं समजू नकोस हं. जवळ असलीस की लक्ष राहील."

२

मिस ओझेला आधी चौकशीला कुठे गेल्याच नाहीत. चौकशीच त्यांच्या खुर्चीत येऊन बसली.

"मान मागे टाक, इडा बेल," गुरुवारी सकाळी त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कोमट पाणी ओतलं. इडा बेल लॉटनच्या दुकानात झाडलोट करी. "शनिवारी पोरांचं हसं झालं म्हणे तुमच्याकडे."

"अगं बाई, त्या स्टुलांनी माझी कंबर मोडली! मालकाने फर्मावलं, इडा बेल, स्क्रू ढिले करायला त्या पोराला तेल दे आणि गाद्या गोदामात ने. बाराच्या बारा!"

"शनिवारी सकाळी? तेवढ्या घाईत?"

"सकाळी कुठली! शुक्रवारी. चार वाजले होते, कारण मी चारला चहा पिते आणि त्या दिवशी तो तसाच थंड झाला. रंगारीही तेव्हाच आला पाटी घेऊन."

"आणि मालकाला कुणी सांगितलं?"

"पोलीस चौकीतून फोन आला, पावणेचारला. मी शेजारीच पुसत होते. 'उद्या आमच्याकडेच ना, नक्की?' असं विचारत होता."

मिस ओझेलांचा हात क्षणभरही थांबला नाही. त्यांनी साबण चोळला, केस धुतले, तापवलेला कंगवा फिरवला आणि इडा बेलला दारापर्यंत पोचवून आल्या. मग पाटी उलटी करून दुकान बंद केलं.

"शुक्रवारी आपली सभा कधी संपली?"

"एकला," मी म्हणाले.

"आणि पावणेचारला पोलिसांना दुकानाचं नाव माहीत होतं. पोरांना तर दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे नाव फुटलं ते त्या पावणेतीन तासांत, आणि फुटलं ते या खोलीतून." त्यांनी बोटांवर मोजलं. "सहा माणसं, आर्डेल. त्यांतली दोन आपण. शुक्रवारी एक ते सहा तू माझ्या या बेसिनशी बायकांची डोकी धूत होतीस आणि मी इथे कंगवा फिरवत होते. फोन आपल्या दोघींच्या मधोमध भिंतीवर. तू केला नाहीस, मी केला नाही."

"म्हणजे उरले चार."

"चार. आणि चौघांनाही मी निदान वीस वर्षं तरी ओळखते. थॅडला तर त्याच्या लंगोटापासून." त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. "चल. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापासून सुरुवात करू."

३

थॅड तंबाखूच्या गोदामाबाहेर पिंपावर बसून सँडविच खात होता.

"तुम्हालाही वाटतं मीच तो?"

"मला काय वाटतं त्याला अर्थ नाही. शुक्रवारी दुपारी कुठे होतास?"

"इथे. दीड ते सात गाड्या भरतो. मुकादम पाणी प्यायलासुद्धा सोडत नाही. विचारा त्याला. माझं तोंड बघायचं नाही म्हणतो, पण माझं हजेरीचं कार्ड बरोबर वाचतो."

"आणि शनिवारचा फोन?"

थॅडने मान खाली घातली. हा सहा फुटांचा गडी, सैन्यात राहून आलेला, चक्क लाजला. "आईला. दर शनिवारी निघण्याआधी करतो. सांगतो, आज मी दिवसभर लायब्ररीत आहे."

"खोटं?"

"तिचं हृदय नाजूक आहे, मिस ओझेला. तुरुंगात गेलो असतो तर बाहेर आल्यावर खरं सांगणार होतो. पण अजून एकदाही गेलो नाही ना! तिला वाटतंय पोरगा फार अभ्यास करतोय."

मला हसू आवरेना. मिस ओझेलाही हसल्या आणि जाता जाता त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "फोन शनिवारी नऊचा. नाव शुक्रवारीच फुटलं होतं," त्या मला म्हणाल्या. "फ्रायर्सनने बोट चुकीच्या दिवसावर रोखलंय."

रेव्हरंड डँझलर चर्चमध्ये दिवे पुसत होते. त्यांना फार विचारावंच लागलं नाही.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," ते म्हणाले आणि धपकन बाकावर बसले. "होय, मी महापौराच्या माणसाला भेटलो. तिन्ही आठवडे, दर बुधवारी, नदीच्या धक्क्यावर, मासे धरण्याच्या निमित्ताने."

"कशासाठी?" मिस ओझेला.

"तो म्हणतो, पोरांना आवरा, म्हणजे आम्ही शहराची लायब्ररी तुम्हाला उघडी करू. मंगळवारी."

"मंगळवारी? आणि बाकीचे दिवस पुस्तकं काय फक्त गोऱ्यांची वाट बघत बसतात?"

"मीही तेच म्हणालो! पण दार बंद करायला जीव होईना. म्हणून जात राहिलो."

"बुधवारी भेटलात. दुकान ठरलं शुक्रवारी. बुधवारी तुम्हाला जे ठाऊकच नव्हतं ते तुम्ही सांगणार कसं? आणि शुक्रवारी सभेनंतर?"

"वृद्धाश्रमात. एकपासून दिवेलागणीपर्यंत. सिस्टर हॅटीला स्तोत्रं वाचून दाखवत होतो. ती मला लघवीलासुद्धा उठू देत नाही."

तिथून आम्ही हायस्कूलवर गेलो. प्रोफेसर गॅड्सडेन यांनी आम्हाला पाहिल्याबरोबर खोलीचं दार लावलं, पडदाही ओढला. त्यांचा पगार शहराच्या शाळा मंडळाकडून येई आणि मंडळावर सगळे गोरे. मला मनातून वाटत होतं, हाच. घाबरलेला माणूस काय करणार नाही?

"मी सांगितलं नाही," ते पुटपुटले. "मी सांगूच शकत नाही. मला दुकानाचं नाव कधीच माहीत नसतं."

"सभेला तर असता!" मी म्हणाले.

"मत घ्यायच्या आधी मी काय करतो, मिस व्हिटेकर?"

मी आठवून पाहिलं. "तुम्ही मागच्या अंगणात जाता. सिगरेट ओढायला."

"मी सिगरेट ओढत नाही. नुसती धरतो." त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. "दर सोमवारी मंडळाचा सचिव मला विचारतो, पुढच्या शनिवारचं तुम्हाला काही माहीत आहे का? मी बायबलवर हात ठेवून सांगतो, नाही. ते खरं असतं म्हणूनच मला ते सांगता येतं. मला खोटं बोलता येत नाही, मिस ओझेला. चेहऱ्यावर दिसतं."

मिस ओझेलांनी उठून त्यांचा हात दाबला.

रस्त्यावर आलो आणि मी थबकले. थॅड नाही. रेव्हरंड नाहीत. प्रोफेसर नाहीत.

"मिस ओझेला," मी म्हणाले, "मग राहिलं एकच नाव."

४

"अशक्य!" मी रस्त्यातच वाद घालू लागले. "मिस्टर फ्रायर्सन यांनी आमच्या जामिनासाठी आपलं घर तारण ठेवायची तयारी दाखवली. दर शनिवारी स्वतःची रुग्णवाहिका पाठवतात. फितूर माणूस असं करेल?"

"नाही करणार."

"मग?"

"मग नाव हाती आलंय, पण कसं आणि का, ते आलेलं नाही. नुसत्या नावावर माणसाला बदनाम करायचं ते काम फ्रायर्सनचं. माझं नाही." त्या चालता चालता थांबल्या. "शनिवारचं सगळं सांग. पहिल्यापासून. काय पाहिलंस ते. काय वाटलं ते नको."

मी सांगू लागले. खुंट, पाटी, दातांतली काडी. बाहेर आल्यावर रेव्हरंडांच्या हातातली दंडाची चिठ्ठी. घोरणारा चालक. आम्ही रांगेने परत फिरलो ते.

"थांब. मागे जा. रेव्हरंडांना दंड किती वेळात झाला?"

"दोन मिनिटांत."

मिस ओझेलांनी तोंडावर हात ठेवला. मग गर्रकन वळल्या आणि स्वतःच्या हिरव्या प्लिमथकडे जवळजवळ धावतच सुटल्या. "बस गाडीत!"

"कुठे?"

"दंड भरायला!"

त्यांनी गाडी थेट मेन स्ट्रीटवर नेली आणि लॉटनच्या दारासमोर उभी केली. भर दुपार, बाजार गजबजलेला. फुटपाथवरच्या खांबावर लिहिलं होतं, 'येथे गाडी उभी करण्यास मनाई, सकाळी आठ ते सायंकाळी सहा'. मिस ओझेलांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "दोन. अडीच. आला बघ!"

लालबुंद तोंडाचा पोलीस खिडकीशी वाकला. "वाचता येत नाही का गं, मावशी?"

"येतं की. लिहा साहेब, लिहा. स्वच्छ अक्षरात लिहा."

त्याने चिठ्ठी फाडून दिली. मिस ओझेलांनी ती प्रेमपत्रासारखी छातीशी धरली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी कसाबसा दम काढला, आणि मग त्या पोट धरून हसायला लागल्या.

"मिस ओझेला, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"पोरी, या रस्त्यावर काळ्या माणसाची गाडी तीन मिनिटंही उभी राहू शकत नाही. मग फ्रायर्सनची रुग्णवाहिका नऊपासून दुपारपर्यंत कशी उभी असते? तीन शनिवार, तीन रस्ते, प्रत्येक वेळी दुकानाच्या दारात. चालक घोरतोय. आणि काचेवर एकही चिठ्ठी नाही!"

मी ती गाडी तीनदा पाहिली होती. तीनदा तिच्याशेजारून गेले होते.

"म्हणजे पोलिसांना ती गाडी चालते," मी सावकाश म्हणाले. "त्यांनीच परवानगी दिलेली आहे."

"आणि परवानगी मागायची तर आधी जागा सांगावी लागते," मिस ओझेला म्हणाल्या, आणि त्यांचं हसू मावळलं. "आता मला एकच गोष्ट कळायला हवी. तो गाढव आहे की साप?"

५

फ्रायर्सन अंत्यविधीगृहात मेणाचा आणि लिलीच्या फुलांचा वास होता. मिस्टर फ्रायर्सन शवपेट्यांच्या खोलीत एका पेटीची पितळी कडी पुसत होते.

"सापडला फितूर?" त्यांनी विचारलं. "मोझलीच ना?"

"ॲम्ब्रोज, शनिवारी तुझी गाडी रस्त्यात उभी करायला परवाना लागतो का रे?" मिस ओझेला आणि ते एकाच वर्गात शिकले होते.

"लागतो ना. आणि मी काढतो." त्यांनी अभिमानाने छाती पुढे काढली. "एकतीस वर्षं या शहरात धंदा करतोय. एकही नियम मोडलेला नाही. माझा परवाना काढून घ्यायला ते टपलेलेच आहेत, मी त्यांना निमित्त देत नाही. आपली सभा संपली की सरळ नगरपालिकेत जातो, खिडकीत अर्ज देतो, तासाभरात शिक्का मारून घेतो."

"दाखव बघू."

ते आत गेले आणि तीन कागद घेऊन आले, नीट घड्या घातलेले. लपवायचं असतं तर माणूस इतक्या झटकन कागद आणत नाही. माझ्या तेव्हाच ते लक्षात आलं, आणि मिस ओझेलांच्याही, कारण त्यांचे खांदे सैल पडले.

मी मोठ्याने वाचलं. "रुग्णवाहिका उभी करण्याची जागा, लॉटन यांच्या दुकानासमोर, मेन स्ट्रीट. शनिवार, सकाळी नऊ ते दुपारी दोन. कारण, अंत्यविधी."

"कुठलं काही कळू दिलं नाही मी," मिस्टर फ्रायर्सन म्हणाले. "सरळ अंत्यविधी लिहिलं. खिडकीतल्या बाईंना काय कळतंय!"

"ॲम्ब्रोज," मिस ओझेला अगदी हळू म्हणाल्या, "दर शनिवारी सकाळी खाण्याच्या काउंटरसमोर कोण मरतं रे?"

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"आर्डेल, खालची ओळ वाच."

"मंजुरी," मी वाचलं. "कॅप्टन आर. स्ट्रूड, पोलीस खातं." तिन्ही कागदांवर तीच सही होती.

मिस्टर फ्रायर्सन यांनी कागद माझ्या हातून घेतले. एक पाहिला, दुसरा पाहिला. मग ते जवळच्या शवपेटीच्या कडेवर बसले. आपल्या विक्रीच्या मालावर बसलेलं त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं, पोरांची डोकी फुटतील," ते म्हणाले. "गाडी लांब असेल तर रक्त जाऊन मरतील. मी अशी पोरं धुतली आहेत, ओझेला, या हातांनी. गाडी दाराशीच हवी, एवढंच डोक्यात होतं." त्यांनी डोळे मिटले. "आणि मी त्या पोरावर बोट ठेवलं. सगळ्यांसमोर."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"उद्या सभेत मी स्वतः सांगतो," ते म्हणाले. "आणि समिती सोडतो."

"सांग जरूर," मिस ओझेला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की मी खुर्ची धरून उभी राहिले. "पण सोडायचं नाही. उद्या सभा संपली की तू नेहमीसारखा त्या खिडकीत जायचंस, ॲम्ब्रोज. हातमोजे घालून. आणि चौथा परवाना काढायचास."

"कुठला?"

"पुन्हा लॉटनचा. मेन स्ट्रीट. कॅप्टनला वाटू दे, पोरं हट्टाला पेटलीत."

६

शुक्रवारी सभेत मिस्टर फ्रायर्सन यांनी उभं राहून सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. शेवटी ते थॅडकडे वळले आणि म्हणाले, "मोझली, मी तुझी माफी मागतो."

"मेलेल्यांबद्दल बोललो ते मी मागे घेत नाही," थॅड म्हणाला. "बाकीचं सोडून द्या. कामाचं बोला."

प्रोफेसर गॅड्सडेन नेहमीप्रमाणे सिगरेट घेऊन दाराशी गेले. मग परत फिरले, ती सिगरेट डब्यात टाकली आणि आपल्या खुर्चीत येऊन बसले. "यावेळी मलाही ऐकायचंय," ते म्हणाले. सोमवारी काय होईल ते कुणी विचारलं नाही. नाव ठरलं, ग्रीनलीफ.

शनिवारी नऊला रुग्णवाहिका लॉटनसमोर जाऊन उभी राहिली. अकराच्या ठोक्याला कॅप्टन स्ट्रूड तिथे बारा खुंटांपाशी काडी चावत उभा होता, ही बातमी इडा बेलने नंतर तिखटमीठ लावून सांगितली. आणि त्याच ठोक्याला आम्ही अकरा जण तीन रस्ते पलीकडे ग्रीनलीफ औषध दुकानाचं दार ढकलून आत शिरलो.

स्टुलं होती! हिरव्या गाद्यांची, रांगेने, गोल फिरणारी. मी दरवाज्याजवळच्या स्टुलावर बसले. माझ्या बाजूला थॅड आला, मग एकेक करत सगळे. फक्त थॅडच्या डाव्या हाताचं एक स्टूल मोकळं राहिलं. वाढणाऱ्या पोरीच्या हातून चमचा पडला, तो वाजत वाजत कितीतरी वेळ घरंगळत गेला.

"इथे... इथे तुम्हाला देता येत नाही," ती म्हणाली.

"आम्ही थांबतो," मी म्हणाले. माझा आवाज अगदी माझाच होता, जराही कापला नाही. आतून मात्र मी पतंगासारखी वर वर चालले होते.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पोरांनी पुस्तकं उघडली. कुणीतरी मागून माझ्या मानेवर थंड सरबत ओतलं. मी पान उलटलं. माझ्या दुसऱ्या बाजूला, अगदी टोकाच्या स्टुलावर एक गोरी म्हातारी सूप पीत होती. ती उठून जाईल असं वाटलं. ती उठली नाही. "ते मीठ जरा इकडे दे गं," ती मला म्हणाली. मी दिलं. दुकानाबाहेर काचेला नाकं लावून माणसं दाटली होती, आधी गोरी, मग त्यांच्यामागे आमची, चर्चमधून, गोदामातून, बाजारातून धावत आलेली. वीस मिनिटं झाली. कोल्टरविलमध्ये इतका वेळ आजवर कुणी बसलं नव्हतं.

पंचविसाव्या मिनिटाला दार उघडलं आणि राखाडी हातमोजे घातलेले मिस्टर फ्रायर्सन आत आले. हे सभेत ठरलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि थॅडशेजारच्या त्या मोकळ्या स्टुलावर बसले. स्टूल गर्रकन फिरलं आणि ते घसरता घसरता वाचले. थॅडने त्यांचा दंड पकडला.

"एक कॉफी," ते त्या पोरीला म्हणाले. "आणि या गृहस्थांना हवं ते."

तेवढ्यात बाहेरचा जमाव दुभंगला. कॅप्टन स्ट्रूड तीन रस्ते पळत आला होता. टोपी वाकडी, शर्ट घामाने चिंब, तोंडात काडी नाही. त्याने आमची रांग पाहिली आणि शेवटी त्याची नजर राखाडी हातमोज्यांवर जाऊन थांबली.

"ॲम्ब्रोज!" तो ओरडला. "तुझा परवाना तर मेन स्ट्रीटचा होता!"

सगळ्यांनी ऐकलं. मिस ओझेलांचा तर्क होता, त्यावर खुद्द कॅप्टनने तोंडी शिक्का मारला.

मिस्टर फ्रायर्सन स्टुलासकट त्याच्याकडे वळले. "मिस्टर फ्रायर्सन म्हणा, कॅप्टन," ते म्हणाले. "आणि या स्टुलाचा मी परवाना काढलेला नाही."

आम्हा बाराही जणांना अटक झाली. पोलीस गाडीत दाटीवाटीने बसलो तेव्हा कुणी रडत नव्हतं. आम्ही इतक्या जोरात गात होतो की चालकाने कानात बोटं घातली, आणि मग गाडी चालवायला ती काढावी लागली. लायब्ररी मे महिन्यात उघडली, आठवड्याचे सगळे दिवस. काउंटरं ऑगस्टमध्ये उघडली, सहाच्या सहा. त्याआधी आणखी अठरा शनिवार गेले, डोकी फुटली, प्रोफेसर गॅड्सडेन यांची नोकरी गेली आणि ते मिस ओझेलांच्या मागच्या खोलीत पोरांना लॅटिन शिकवू लागले. पण त्या दिवशी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मुलींची कोठडी वेगळी होती. भिंतीपलीकडून मुलांचं गाणं ऐकू येत होतं, आणि त्यात एक खर्जातला, भयंकर बेसूर आवाज.

"तो कोण रेकतोय?" माझ्या शेजारच्या पोरीने विचारलं.

मी भिंतीला कान लावला. गाणं थांबलं होतं. थॅड कुणाला तरी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होता, हळूहळू, लहान मुलाला शिकवावी तशी. "असं नाही, मिस्टर फ्रायर्सन. वर न्या, वर. हां, आता परत."

तो आवाज परत सुरू झाला. पहिल्याइतकाच बेसूर, फक्त दुप्पट मोठा.